दोन किल्ल्यांचं नाणं

काका कुणाच्याही घरी गेले की आधी मीटर बघत, मग माणसं. चपला काढण्यापूर्वी ते जिन्याखाली किंवा ओट्याच्या भिंतीवर डबा शोधत, मनगट डोळ्यांजवळ नेत आणि मीटरच्या लाल दिव्याची उघडझाप घड्याळावर मोजत. साधारण एक मिनिट. तोवर यजमान दार उघडून उभा असे. मग काका आत येत आणि म्हणत, "फ्रिजचं रबर गेलंय तुमच्या. बाकी सब बढिया?"

फ्रिजचं रबर खरोखर गेलेलं असे. मी चार वर्षं त्यांचा भाडेकरू होतो. त्या काळात त्यांचं निदान चुकलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा दोष मीटरचा निघाला.

मी इंदूरच्या पलासियातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. खोली बघायला गेलो तेव्हा लग्न झालंय का, अंडं खातोस का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आंघोळीचं पाणी कशावर गरम करतोस?"

"रॉडवर."

"रॉड इथे नाही चालणार, भिया. गॅसवर कर. खोली तुझी."

रॉड त्यांनी माझ्याकडून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर माझं नाव लिहिलं आणि माळ्यावर ठेवला. चार वर्षांनी खोली सोडताना तो त्यांनी परत केला. कागदही तोच होता.

काका वीज खात्याच्या दक्षता पथकातून निवृत्त झाले होते. तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे, मीटरचं सील तोडून चकती अडवणारे, शेजाऱ्याच्या लाइनवर पंप चालवणारे, हे सगळे त्यांनी पकडले होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. काकू बोलत. काकूंच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाचे सगळे हॅलोजन खांबावरून आकडा टाकून पेटवलेले. काकांनी ते येतानाच पाहिलं. मग अक्षता टाकल्या, पंगतीत बसून नीट जेवले, दोनदा श्रीखंड घेतलं, हात धुतले आणि मेहुण्याला बाजूला बोलावून पंचनामा लिहायला घेतला.

"जेवण्याआधी तरी लिहायचा," असं काकू अजून म्हणत.

"जेवणात काही चूक नव्हती," असं काका अजून उत्तर देत.

माहेरच्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

अशा माणसाकडे बिटकॉइन होतं, हे कळल्यावर मला आधी गंमत वाटली. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते सरळ होतं. या नाण्याची वही कुणा एकाच्या कपाटात नसते. तीच वही हजारो संगणकांवर उघडी असते, कुणालाही वाचता येते, आणि नवी नोंद सगळ्यांनी तपासल्याशिवाय बसत नाही. काकांना हे कुणीतरी निवृत्तीच्या सुमारास समजावून सांगितलं होतं.

"असा मीटर मी सारी नोकरी शोधत होतो," ते मला म्हणाले. "रीडिंग साऱ्या मोहल्ल्याला दिसतं, आणि रीडरला चहा पाजून काही होत नाही."

त्यांचा एक मित्र महूला राहत असे. तो त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत होता. मीटर तपासायचा आणि शिशाचं सील लावायचं, हे त्याचं काम. ते सील कुणी तोडलं का हे बघायचं काकांचं. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. शिल्लक रजेच्या पैशातला हिस्सा काढून दोघांनी निम्मं-निम्मं असं पाव बिटकॉइन घेतलं. त्या वेळी लोक हसले. त्यातले काही पुढे सल्ला विचारायला आले.

अशा नाण्याची किल्ली म्हणजे चोवीस साधे इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. शब्द ज्याच्याकडे, नाणं त्याचं. शब्द गेले तर नाणं वहीत सगळ्यांना दिसत राहतं, पण कुणाला हलवता येत नाही. बँक नाही, तक्रारीची खिडकी नाही.

काकांनी यावर खात्याची पद्धत लावली. खात्याच्या तिजोरीला डबल लॉक असे: दोन कुलपं, दोन अधिकारी, दोघं हजर असले तरच दार उघडणार. काकांचे पणजोबा संस्थानच्या खजिन्यात होते आणि तिथंही हीच रीत होती, असं ते सांगत. त्याप्रमाणे पहिले बारा शब्द काकांनी उतरवून घेतले, तेव्हा मित्र अंगणात जाऊन उभा राहिला. पुढचे बारा मित्रानं उतरवले, तेव्हा काका अंगणात गेले. ज्या छोट्या यंत्रावर शब्द तयार झाले ते त्यांनी पुसून टाकलं. एकमेकांचे शब्द बघायचे नाहीत, कुठे ठेवले ते विचारायचंही नाही, असं ठरलं.

"विश्वास नव्हता का?" मी विचारलं.

"विश्वास होता म्हणून तर दोन कुलपं. नसता तर एकत्र घेतलंच कशाला असतं?"

या व्यवस्थेत बिघाड माझ्यामुळे झाला. एका रविवारच्या पानासाठी मी वृत्तसंस्थेची एक बातमी मराठीत आणली होती. बिटकॉइनची नोंद पक्की करण्याचा हक्क मिळवण्यासाठी जगभर गोदामं भरून यंत्रं आकडेमोडीची शर्यत लावतात. दर फेरीत एक जिंकतं. बाकीच्यांनी जाळलेली वीज वाया जाते. पर्यावरणवाले, काही सरकारं आणि गुंतवणूकदारही आता या जुन्या नाण्यांबद्दल प्रश्न विचारू लागले आहेत, असा बातमीचा सूर होता.

सकाळी सातला काका पान घेऊन वर आले.

"हे तू लिहिलंस?"

"भाषांतर केलं."

"विजेचा आकडा तपासलास?"

"एजन्सीचा आहे, काका."

"मतलब नाही तपासलास."

पुढचे आठ दिवस त्यांनी तो स्वतः तपासला. आमच्या पत्रातला आकडा जास्त होता, दुसऱ्या एका ठिकाणचा कमी होता, आणि अंदाज करणाऱ्यांचं आपसात जमत नव्हतं. काकांनी सगळ्यांत कमी आकडा धरला. तेवढाही त्यांना पुरला.

"हजार मीटर फिरतात, बिल एकाचं बनतं," ते म्हणाले. "बाकीचा सगळा लॉस. आणि त्या लॉसवर माझं नाव."

जो माणूस दुसऱ्याच्या घरातला बाथरूमचा दिवा जाता-जाता बंद करतो, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हती. आठवडाभर त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही. काकूंनी मला खाली बोलावून विचारलं, "असं काय छापलंस रे बाबा?"

मग त्यांनी मार्ग काढायला घेतला. दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या नाण्यानं शर्यत बंद करून पद्धत बदलली होती, हे त्यांना कळलं. नव्या पद्धतीत ज्याला तपासनीस व्हायचं असेल त्यानं आपली नाणी अनामत ठेवायची. खोटी नोंद केली तर अनामत कापली जाते. वीज लागते ती साध्या संगणकाइतकी. अनामतीची कल्पना काकांना फार आवडली. त्याच पद्धतीची आणखी नाणी होती. काका प्रत्येकाला तीन प्रश्न लावत: नोंद कोण तपासतं, काय जाळून तपासतं, आणि तपासणाऱ्यानं लबाडी केली तर त्याचं काय जातं. एका प्रसिद्ध नाण्यावर कुत्र्याचं चित्र होतं. वीज तेही जाळत होतं. "कुत्र्याचा फोटो बघून कुणी कनेक्शन देतं का?" म्हणून ते नापास झालं. दुसरं एक नाणं विजेच्या परीक्षेत उतरलं, पण त्यातला मोठा वाटा ते नाणं काढणाऱ्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. "एकाच्या खिशात सगळे फ्यूज," असा शेरा मारून काकांनी त्यावर रेघ ओढली. शेवटी तीन उरली.

तीनच का, एकच चांगलं का नाही, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सबस्टेशनचा नकाशा काढतात तसा एक नकाशा काढला. वरून येणारी मुख्य लाइन, खाली फुटणारे फिडर, प्रत्येकावर एक स्विच.

"सारं गाव एका फिडरवर टाकत नाहीत. एका फाट्यावर झाड पडलं की सगळे अंधारात. आणि सगळ्या घरांचा लोड एकदम वर जात नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कुणाचा सकाळी, कुणाचा संध्याकाळी. म्हणून तर कमी तारेत काम भागतं. हे बाजारवाले लोक आत्ता शिकून राहिलेत."

नकाशा फ्रिजच्या दारावर लागला.

"हे काय, घराचं वायरिंग?" काकूंनी विचारलं.

"आपल्या म्हातारपणाचं."

आता फक्त मित्राचे बारा शब्द हवे होते. काका नकाशा घेऊन महूला गेले. सकाळी नऊच्या बसनं गेले, नकाशाच्या नादात मीटर न बघताच आत शिरले आणि जेवायच्या आत परत आले. मित्र नाही म्हणाला होता. सोनं विकून पितळ घेऊ का, म्हणाला होता. शिवाय असंही म्हणाला होता की जळलेलं युनिट परत येत नाही. तू विकशील तर दुसरा कुणी घेईल, नाणं तिथंच राहील आणि यंत्रंही तिथंच.

"मुद्दा बरोबर आहे त्याचा," काका मला म्हणाले. "जळलं ते जळलं. पण माझ्या नावाचं कनेक्शन तर मी कापू शकतो ना?" थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं मला पाणी नाही विचारलं."

तोपर्यंत दोघांचा एक नेम होता. एका रविवारी काका महूला, पुढच्या रविवारी मित्र इंदूरला. इंदूरचा रविवार असला की कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे-जिलबी. मित्र पोह्यांवर इतकी शेव घाले की पोहे दिसत नसत. तो नेम अकरा महिने बंद राहिला. काका रविवारी एकटे जात आणि एक प्लेट घेत. दुकानदारानं विचारलं, "दूसरे बाबूजी?" काका म्हणाले, "महू में हैं।" हे खरंच होतं.

नाणंही जागच्या जागी होतं. काका ते फोनवर रोज बघत. सगळ्या जगाला दिसत होतं, आणि दोघांपैकी एकालाही हलवता येत नव्हतं.

शेवटी काकूंनी विषय हातात घेतला. "तुमच्या त्या नाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही भावजींकडे जा. नाहीतर मी जाते आणि दोघांना एकदमच ऐकवते."

काकांनी मला सोबत घेतलं. "तू पंच."

"कशाचा?"

"ते तिथं बघू."

महूच्या त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर नवा स्मार्ट मीटर होता. काका त्यासमोर उभे राहिले, पण घड्याळ बघेनात. मीटरच्या शेजारी भिंतीवर एक फिकट चौकोन होता, चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. मित्र बनियनवर बाहेर आले. मी त्यांना पूर्वी पाहिलं होतं. आता गळ्याची हाडं दिसत होती.

"या इन्स्पेक्टर. धाड आहे का?"

"इथला चकतीवाला कुठे गेला?" काकांनी विचारलं.

त्या जागी एक जुना, कशालाही न जोडलेला मीटर असे. मित्रानं नोकरीत सील लावलेला पहिला मीटर तो. पुढे भंगारात निघाल्यावर प्रयोगशाळेतल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी तो त्यांना भेट दिला होता.

"नेला."

"कोणी?"

"स्मार्ट मीटर लावायला पोरं आली होती. आम्ही पुण्याला होतो, मुलीकडे. एकाच्या जागी दोन मीटर दिसले, त्यांनी दोन्ही उतरवले. जुना माल जमा करायचाच असतो."

"कधी?"

"तू तो नकाशा घेऊन आलास ना? त्याच्या दोन आठवडे आधी."

"मग? गेला तर गेला. मीटरच होता."

मित्र पायरीवर बसले. "सीलच्या आत कागद होता, यार."

कोणता कागद, हे काकांनी विचारलं नाही. तेही त्याच पायरीवर बसले. दोघांमध्ये साधारण एक हात अंतर होतं.

"सोनं-पितळ म्हणालास," काका म्हणाले.

"म्हणालो. काहीतरी म्हणायलाच पाहिजे होतं. विकणार कशानं?"

"सांगितलं का नाहीस?"

"तुला? सख्ख्या मेहुण्याच्या मांडवात पंचनामा करणाऱ्याला? तू माझाही केला असतास."

"केला असता."

"तेच तर!"

"आणि मग शोधायला निघालो असतो. अकरा महिने आधी."

मला राहवलं नाही. "बँकेत लॉकर घेता आला असता ना?" मी मित्राला म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मित्र म्हणाले, "लॉकरला सील असतं का?"

आतून मित्राच्या पत्नीनं पाणी आणलं. काका दोन पेले प्यायले.

उतरवलेले मीटर खात्याच्या इंदूरच्या भांडारात जमा होत. काका आणि मित्र दुसऱ्याच दिवशी तिथं गेले. मी सुटी काढून गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये पुरुषभर उंचीचे ढीग होते. भांडारपालानं सांगितलं की सोमवारी सगळ्याचा लिलाव आहे. त्या दिवशी गुरुवार होता.

त्या दोन दिवसांइतकं खूश मी त्या दोन निवृत्त माणसांना कधी पाहिलं नव्हतं. एकेक मीटर उचलायचा, धूळ फुंकायची, सील वाचायचं. "हा तर देवासच्या लाइनचा!" "याची चकती उलटी फिरायची, आठवतं?" "हे सील माझं नाही. हे कुणीतरी घाईत दाबलंय." शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मित्रानं एक मीटर उचलला आणि तो छातीशी धरून उभे राहिले. सील शाबूत होतं. त्यावरची, सील दाबायच्या पकडीची खूणही वाचता येत होती.

"ले जाओ बाबूजी, कबाड़ है," भांडारपाल म्हणाला.

काकांनी मित्राच्या हातातून मीटर घेतला, नीट पाहिला, आणि होता तिथं परत ठेवला.

"हे काय करून राहिलास?" मित्र ओरडले.

"खात्याच्या रजिस्टरात जमा माल आहे. असा नेता नाही येत."

"अरे माझा आहे तो! निरोपात मिळालेला!"

"कागद?"

"भेटवस्तूला कागद कोण देतं?"

"मग खात्याचा."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी भांडारपालाकडे पाहिलं. भांडारपालानं हात जोडले आणि तो चहा प्यायला गेला.

काकांनी तिथंच अर्ज लिहिला. मीटरचं वर्णन, तो कसा मिळाला, त्यात खाजगी कागद आहे, सगळं खरं. भांडारावरच्या साहेबांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि सांगितलं की असा नियम बघावा लागेल, फाइल वर जाईल, सोमवारच्या आत होणं शक्य नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, उठाके ले जाइए ना. कौन देखता है?"

"मैं देखता हूँ," काका म्हणाले.

शनिवार-रविवार मित्र काकांच्या घरी राहिले. ते काकांशी बोलत नव्हते, फक्त काकूंशी बोलत होते. "वहिनी, हातभर अंतरावर होतं. हा माणूस अर्ज लिहितो!" काकू म्हणाल्या, "भावजी, माझ्या भावाला विचारा." मी काकांना विचारलं की मीटर गेला तर काय. त्यांनी सरळ उत्तर दिलं, "तर दोघांचं सगळं गेलं. मला माहीत आहे." त्या रात्री त्यांच्या खोलीत चालण्याचा आवाज येत होता. दिवा बंद होता.

सोमवारी लिलाव झाला. एका भंगारवाल्यानं सगळा माल घेतला आणि ट्रक शहराबाहेरच्या त्याच्या वाड्यात गेले. लिलावाचा कागद झाल्याची खात्री करून काका उठले.

"चला. आता तो खात्याचा नाही."

आम्ही पोचलो तेव्हा काम सुरू झालं होतं. तीन माणसं हातोड्यांनी मीटर फोडत होती. काच एकीकडे, तांब्याची तार दुसरीकडे, चकत्या तिसरीकडे. फुटलेल्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. मित्र तिथंच बसले आणि हातांनी काचा चाळू लागले. काकांनी त्यांचा दंड धरून उठवलं आणि मालकाकडे गेले. एक दिवस काम थांबवा, म्हणाले. मालकानं मजुरांचा दिवस फुकट जाईल असं सांगितलं. यावर काकांनी विचारलं, "किसमें कितना तांबा है, मालूम है?"

मालकाला मालूम नव्हतं. तो सगळे सारखेच फोडत होता.

"मैं छाँट देता हूँ। छँटने तक हथौड़ा बंद."

हातोडे थांबले. दोघं म्हातारे उकिडवे बसले आणि मीटर लावू लागले: जास्त तांब्याचे इथं, कमीचे तिथं, ज्यांची नुसती पेटीच उरली आहे ते भिंतीकडे. मजूर बिड्या ओढत बघत होते. मालकानं खुर्ची आणून दिली; कुणी बसलं नाही. दुपारी तीनपर्यंत पाच ढीग झाले. चौथ्या ढिगातला शेवटून दुसरा-तिसरा मीटर मित्रानं उचलला, आणि या वेळी ते उभे राहिले नाहीत. बसल्या जागी त्यांनी तो काकांपुढे धरला.

काकांनी तो वजनकाट्यावर ठेवला, पैसे दिले आणि पावती मागितली. एका मीटरची पावती त्या माणसानं जन्मात दिली नव्हती. ती त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिली. मग काकांनी मला कागद काढायला सांगितला. सील शाबूत, सीलवरील खूण वाचता येते, मीटर विकत घेतलेला, पावती सोबत. पंच म्हणून मी सही केली; दुसरा पंच भंगारवाला.

"तू तोड," काका मित्राला म्हणाले. "लावलंस तू."

मित्रानं भंगारवाल्याची पकड घेतली. काकांनी मीटर दोन्ही हातांनी घट्ट धरला. तार तुटली, झाकण निघालं, चकतीच्या मागे घडी केलेला कागद होता. मित्रानं तो उघडला तेव्हा काकांनी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं. अजून दुसऱ्याचे शब्द बघायचे नव्हते.

पुढे जुन्या नाण्याचा भाव बराच वाढला. मधे पडलाही, पुन्हा वाढला. विकल्याचा काकांना पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. "भाव वाढला ना? अच्छा झालं. ज्याच्याकडे आहे त्याचं भलं होवो," एवढंच ते म्हणाले आणि माझ्या मागचा पंखा बंद केला, मी उठलो होतो.

त्या सोमवारनंतरच्या रविवारी आम्ही महूला बसलो. काकांनी आपले बारा शब्द भरले, मित्रानं आपले. नाणं हललं. कराची रक्कम काकांनी आधीच बाजूला काढायला लावली. मग नकाशाप्रमाणे काकांचा हिस्सा तीन फिडरवर गेला. मित्राच्या हिश्शाची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "माझं निम्मं जुन्यातच राहू दे."

"का?"

"पितळ उगाच म्हणालो होतो. सोनं खरं म्हणालो होतो."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी नकाशावर चौथा फिडर काढला, त्यावर मित्राचं नाव लिहिलं आणि स्विच चालू दाखवला.

"लोड तुझा. बिल तुझं," ते म्हणाले.

"मंजूर."

हे सगळं ठेवायला आणलेल्या नव्या यंत्रानं नवे चोवीस शब्द दाखवायला सुरुवात केली. पहिले बारा काकांचे, म्हणून मित्र सवयीनं उठले आणि अंगणाकडे निघाले.

"कुठे चाललास? बस इथं," काका म्हणाले. त्यांनी कागद आणि पेन मित्रापुढे सरकवलं. "चोवीसही तूच उतरव. तुझ्याकडेच ठेव."

"सगळे?"

"सगळे."

"आणि पुन्हा हरवले तर?"

"तर त्याच दिवशी फोन करायचा."

मित्रानं चष्मा पुसला, पेन उचललं आणि पहिला शब्द लिहिण्याआधी आत हाक मारली, "अगं, इन्स्पेक्टर जेवून जाणार आहे. शेव आहे ना घरात?"